घोडा धरायचे पैसे

गेले तीन आठवडे आमच्या तबेल्यात एकच विषय गाजतोय. (हो, तबेल्यातच. लेकीचा घोडा आहे. सॉफ्टवेअरवाल्याच्या घरात घोडा कसा शिरला ही वेगळी कथा आहे, ती पुन्हा कधीतरी.) तर विषय असा, की नालबंद किंवा घोड्यांचा डॉक्टर आला आणि त्या वेळी घोडा धरून उभं राहायचं काम तबेल्यातल्या माणसाने केलं, तर त्याचे वेगळे पैसे घ्यावेत की नाही? तबेल्याच्या मालकीणबाईंनी सप्टेंबरात फळ्यावर एक कागद लावला: १ ऑक्टोबरपासून अर्ध्या तासाला २० डॉलर. झालं! तेव्हापासून खोगिरांच्या खोलीत जावं तर तिथे दोन माणसं हळू आवाजात हेच बोलत असतात.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. पैसे घ्यावेत. पण त्याला एक अट आहे, आणि ती अट पाळली जाणार नसेल तर तो कागद फाडून टाकलेला बरा. अट कुठली ते शेवटी. आधी ज्यांचा घोड्यांशी संबंध लग्नाच्या वरातीपुरताच आलाय त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी.

इथे न्यू जर्सीत घोडे खूप. १९७७ पासून घोडा हा या राज्याचा अधिकृत प्राणी आहे. ज्यांच्याकडे स्वतःची जमीन नाही ते आपला घोडा बोर्डिंगच्या तबेल्यात ठेवतात. (आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अरे, घोड्याला होस्टेलात ठेवलाय म्हण की सरळ!") दरमहा ठरलेली रक्कम द्यायची. त्यात ठाण, गवत, दाणापाणी, रोजची लीद काढणं, सकाळी कुरणात सोडणं आणि संध्याकाळी आत घेणं एवढं सगळं येतं. याला म्हणतात फुल बोर्ड. त्याहून स्वस्त प्रकार म्हणजे सेल्फ केअर. त्यात जागा त्यांची, राबणं आपलं.

नालबंद आणि डॉक्टर मात्र या महिन्याच्या रकमेत नसतात. ते आपण ठरवायचे, त्यांची बिलं आपण भरायची. आणि सगळी गोची इथेच आहे. घोडा माझा, नालबंद माझा, डॉक्टर माझा, पण मंगळवारी सकाळी अकरा वाजता मी असतो ऑफिसच्या मीटिंगमध्ये आणि लेक असते शाळेत. मग दोरी कोणाच्या हातात?

आता हे काम किती पडतं ते बघू. घोड्याचं खूर महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतं, त्यामुळे दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद लागतोच. मग नाल असोत किंवा नुसतं खूर तासणं असो. वर्षाच्या लसी असतात: धनुर्वात, रेबीज, डासांमुळे होणारा मेंदूज्वर आणि वेस्ट नाईल. हा वेस्ट नाईल अमेरिकेत पहिल्यांदा १९९९ साली न्यूयॉर्कमध्ये सापडला, म्हणजे आमच्या अगदी शेजारीच. शिवाय कॉगिन्स टेस्ट नावाची रक्ततपासणी असते. घोड्यांच्या ज्या संसर्गजन्य रक्तक्षयावर औषधही नाही त्याच्यासाठी ही करतात, आणि तिचा कागद नसेल तर स्पर्धेच्या मैदानात घोडा उतरवूही देत नाहीत. वर्षातून एकदा दात घासून घ्यावे लागतात, कारण घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि त्यांना धारदार कडा येतात.

गणित केल्याशिवाय आमच्या जमातीला चैन पडत नाही, म्हणून करून टाकतो. समजा तबेल्यात ३० घोडे आहेत. नालबंद दर सहा आठवड्यांनी येतो, म्हणजे वर्षाला घोड्यामागे साधारण ९ खेपा. एका घोड्याला पाऊण तास धरा. ३० गुणिले ९ गुणिले पाऊण, झाले २०२ तास. डॉक्टरच्या घोड्यामागे वर्षाला ३ खेपा, अर्ध्या अर्ध्या तासाच्या. ते आणखी ४५. म्हणजे जवळजवळ २५० तास. आठवड्याचे ४० तास धरले तर एक माणूस वर्षातले सहा आठवडे दुसरं काहीच करत नाही, दोरी धरून उभा आहे! न्यू जर्सीत २०२५ साली सर्वसाधारण किमान वेतन तासाला १५.४९ डॉलर होतं. त्या दरानेसुद्धा हे ३,८०० डॉलरच्या वर जातं. आणि यात आणीबाणीच्या खेपा, उशिरा येणारे नालबंद आणि नाल लावून घ्यायला नकार देणारे घोडे धरलेले नाहीत.

"दोरी धरून उभं राहायचं, त्यात काय एवढं?" असं आमच्या इथल्या एका गृहस्थांनी विचारलं. हे गृहस्थ बँकेत आहेत आणि त्यांचा घोडा साडेपाचशे किलोचा आहे.

तर त्यात काय एवढं ते सांगतो. घोड्याला नाकाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. म्हणून धरणाऱ्याने बरोब्बर समोर उभं राहायचं नसतं, कारण दचकला तर पुढचा पाय छातीवर येतो. डॉक्टर ज्या बाजूला काम करत असेल त्याच बाजूला धरणाऱ्यानेही उभं राहायचं. म्हणजे घोडा बिथरलाच तर तोंड आपल्याकडे ओढलं की मागचा भाग आपोआप दोघांपासून लांब जातो. विरुद्ध बाजूला उभं राहून तोंड ओढलं तर तोच मागचा भाग डॉक्टरवर जाऊन आदळेल. दोरी हाताला कधीच गुंडाळायची नाही, बोटं जातात. शिवाय सगळा वेळ घोड्याच्या कानांकडे आणि डोळ्यांकडे लक्ष ठेवायचं, कारण लाथ मारण्याआधी तो बहुतेकदा सांगतो, फक्त ते ऐकणारं कुणीतरी हवं. नालबंद बिचारा घोड्याचा पाय मांडीत घेऊन ओणवा असतो, त्याला काहीच दिसत नसतं. त्याची पाठ आणि डोकं त्या दोरीवाल्याच्या हवाली असतं.

दातांच्या वेळी घोड्याला गुंगीचं औषध देतात. काम संपून डॉक्टर गेला तरी घोडा लगेच शुद्धीवर येत नाही. तोवर त्याच्यासमोर गवत ठेवायचं नाही, नाहीतर घास घशात अडकतो. म्हणजे पुढचा तासभर कुणीतरी येऊन जाऊन बघत राहायला हवं. आता सांगा, हे "नुसतं उभं राहणं" आहे का? या राज्यात तबेल्यांना कायद्यानेच पाटी लावावी लागते, की घोड्यांच्या संगतीत धोका आहे आणि तो तुम्ही स्वतःच्या जबाबदारीवर पत्करताय. ती पाटी आपण रोज वाचतो आणि दोरी मात्र दुसऱ्याच्या हातात देतो.

आता तो दुसरा कोण, ते बघू. इथे माझ्या मते खरा प्रश्न सुरू होतो.

आमच्याकडे सकाळच्या पाळीला एक मुलगी येते. वय असेल बावीस-तेवीस. तिला पैसे मिळतात ते ठाणामागे, म्हणजे जितकी ठाणं साफ केली तितके पैसे. बऱ्याच तबेल्यांत अशीच पद्धत आहे. सप्टेंबरात एका मंगळवारी नालबंद दोन तास उशिरा आला (आधीच्या तबेल्यात अडकला होता, त्याचाही इलाज नव्हता) आणि त्या दिवशी चार घोड्यांपैकी एकाचाही मालक हजर नव्हता. तिने एकामागून एक चारही घोडे धरले. तीन तास गेले. मग राहिलेली ठाणं काढेपर्यंत संध्याकाळचे पाच वाजले. एरवी ती एकला घरी जाते. त्या तीन तासांचे तिला मिळाले शून्य डॉलर शून्य सेंट. तिच्या हजेरीच्या कागदावर 'घोडा धरला' असा रकानाच नाही ना!

तिने दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंना विचारलं, आणि त्यातून तो फळ्यावरचा कागद जन्माला आला.

विरोध करणाऱ्यांचे मुद्दे मी नीट ऐकले आहेत आणि ते सगळेच काही चिक्कूपणाचे नाहीत.

पहिला मुद्दा: "महिन्याला इतके पैसे देतो, त्यात हे यायलाच हवं. उद्या श्वास घ्यायचे पण लावतील." हा राग मला समजतो. २००८ साली अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्यांनी पहिल्या बॅगेचेही पैसे घ्यायला सुरुवात केली, तेव्हापासून इथल्या माणसाला 'वेगळे पैसे' हे दोन शब्द ऐकले की अंगावर काटा येतो. पण बॅगेची गोष्ट वेगळी. तिकिटाच्या किमतीत आधी जे धरलेलं होतं ते त्यांनी बाहेर काढून विकलं. घोडा धरायचं काम आमच्या महिन्याच्या रकमेत कधी धरलेलंच नव्हतं. करारात ओळ नाही, हजेरीत रकाना नाही. ते काम कुणाच्याही हिशेबात नव्हतं, फक्त त्या मुलीच्या दुपारी घरी जायच्या वेळेत होतं. सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. फिक्स्ड बिड प्रोजेक्टमध्ये क्लायंट म्हणतो, "छोटासाच बदल आहे हो." कंपनी हसून हो म्हणते. आणि तो छोटासा बदल शनिवारी कोण करतं? जो हो म्हणाला तो नक्कीच नाही :-)

दुसरा मुद्दा: मग सगळ्यांचं बोर्ड थोडं थोडं वाढवा आणि विषय संपवा. हे ऐकायला बरं वाटतं. पण आमच्या इथे एक निवृत्त आजी आहेत, त्या नालबंदाच्या प्रत्येक खेपेला स्वतः येतात, घोड्याशी गप्पा मारत स्वतः दोरी धरतात. त्यांनी माझ्या मीटिंगचे पैसे का भरायचे? शिवाय एखादा घोडा दोन बाजूंनी बांधला की गपगार उभा राहतो, दुसऱ्याला दोन माणसं लागतात. सगळ्यांच्या डोक्यावर सारखं ओझं टाकलं की कुणी आपल्या घोड्याला शहाणं करायच्या भानगडीत पडत नाही. आणि फुकट म्हटलं की माणूस वेळही कशीही देतो. नेमकी दाणा द्यायच्या वेळेला डॉक्टरला बोलावणारे महाभाग मी पाहिलेत.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो. पैसे लावले की काही लोक खेपच पुढे ढकलतील. सहा आठवड्यांचे नऊ करतील, दात पुढच्या वर्षावर टाकतील, आणि त्याची शिक्षा घोड्याला. किंवा २० डॉलर वाचवायला असा एखादा मालक स्वतः दोरी धरेल ज्याला धरता येत नाही, आणि मग नालबंदाच्या बरगड्या मोडतील. ही भीती खरी आहे. पण तिच्यावर उपाय म्हणजे काम फुकट ठेवणं हा नाही. नियम नीट लिहिणं हा उपाय आहे. पोटशूळ उठलेल्या घोड्याला धरायचे, फिरवायचे पैसे कधीही घेऊ नयेत. त्या वेळी ज्याच्या हाताला दोरी लागेल त्याने धरायची, हिशेब नंतरसुद्धा नाही. वसंतातल्या लसी सगळ्या घोड्यांना एकाच दिवशी टोचायच्या आणि तो दिवस बोर्डातच धरायचा. आणि ज्या मालकाला स्वतः धरायचंय त्याला आधी शिकवायचं. येत नसेल तर नालबंदाने सरळ नाही म्हणावं.

चौथा मुद्दा भावनेचा. "इतकी वर्षं आपण एका कुटुंबासारखे आहोत, एकमेकांसाठी करतो, आता त्यात पैसे आणायचे?" हे वाक्य ऐकलं आणि मला आमचं साताऱ्याकडचं गाव आठवलं.

आजोबांकडे बैलजोडी होती. बैलांच्या पायांना पत्र्या मारायच्या तर बैलाला दोरीने आडवा पाडावा लागतो, पाय बांधावे लागतात, कुणीतरी डोकं दाबून धरावं लागतं. एकट्याचं ते काम नाही. शेजारचे चार बाप्ये यायचे, धरायचे, चहा पिऊन जायचे. कुणी पैशाचं नावही काढलं नाही. पण म्हणून ते फुकट होतं का? मुळीच नाही! आज त्यांनी आमचा बैल धरला, उद्या आजोबा त्यांच्या पेरणीला जाणार. याला आपल्याकडे फार सुंदर शब्द आहे, सावड. सावडीत पैसे नसतात, पण हिशेब अगदी चोख असतो. परतफेड करायला जो येत नाही त्याच्याकडे पुढच्या वर्षी कुणी जात नाही.

मला वाटतं या सगळ्या भांडणाचं उत्तर या एका शब्दात आहे. दुसऱ्याचं जनावर धरायचे दोनच प्रामाणिक मार्ग आहेत, एक सावडीने आणि दुसरा मोलाने. तिसरा, म्हणजे 'असंच', हा मार्गच नाही. तो कुणाच्या तरी खिशातून जातो आणि बहुतेक वेळा ज्याचा खिसा सगळ्यात लहान त्याच्याच. 'कुटुंबासारखे' म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या मुलीसाठी कधी एक ठाण साफ केलंय? करत असाल तर ती सावड. मग खुशाल पैसे देऊ नका.

आणि पैशात मोजल्याने या कामाची किंमत कमी होते असंही नाही. आपल्याच इतिहासात बघा. शिवाजी महाराजांच्या पागेत दर पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असायचा. पाणी आणि खूर ही कामं 'कुणीतरी करेल' म्हणून सोडली नव्हती, ती रचनेतच होती. पेशवाईत शिलेदाराला मोहिमेआधी तयारीसाठी जी आगाऊ रक्कम मिळायची तिला शब्दच होता नालबंदी. घोडा स्वतःचा असला तरी त्याला उभा करायला खर्च येतो हे त्या काळच्या हिशेबनिसांना ठाऊक होतं. आज पुण्या-मुंबईकडे रेसच्या किंवा रायडिंगच्या तबेल्यांत हा वाद सहसा होत नाही, कारण तिथे सईस असतो आणि घोडा धरणं हे त्याच्या नेमून दिलेल्या कामातच येतं. त्याला पगार पुरेसा मिळतो का, हा वेगळा आणि कडू प्रश्न आहे, पण निदान त्याचं काम 'काम' म्हणून मोजलं तरी जातं.

तर माझ्या मते नियम असे असावेत:

१. दर आणि वेळ करारात लिहिलेली. पंधरा मिनिटांच्या टप्प्याने मोजणी, घोड्यामागे ठोक रक्कम नको.
२. आणीबाणीला पैसे नाहीत. सगळ्यांच्या लसींच्या ठरलेल्या दिवसालाही नाहीत.
३. मालक स्वतः किंवा त्याच्या वतीने धरता येणारा दुसरा कुणी हजर असेल तर पैसे नाहीत. मालकांनी आपसात सावड करावी. आज मी तुमचा धरतो, पुढच्या महिन्यात तुम्ही माझा.
४. नालबंद उशिरा आला तर वाट बघण्याचे पैसे त्या मुलीच्या वेळेतून कापले जाऊ नयेत. तो माझा नालबंद आहे, माझी जबाबदारी.
५. धरणाऱ्याला "हा घोडा मी धरणार नाही" म्हणायचा हक्क. पैसे दिले म्हणून कुणाचा जीव विकत घेतलेला नसतो.

राहिली ती अट. गेल्या रविवारी मालकीणबाईंनी सगळ्यांना बोलावलं होतं, कॉफी आणि डोनट ठेवून. चर्चा तासभर चालली. २० की १५, अर्धा तास की पाऊण, सगळं झालं. मी शेवटी एवढंच विचारलं, की हे २० डॉलर जाणार कुणाला? क्षणभर कुणीच बोललं नाही. मग मालकीणबाई म्हणाल्या, "तबेल्याच्या खात्यात. विम्याचा हप्ता किती वाढलाय माहीत आहे ना?" विमा वाढलाय हे खरंच आहे, गवताचे भावही वाढलेत, तबेला चालवणं हा काही सोन्याची खाण खणायचा धंदा नाही. यातले चार-पाच डॉलर त्यांनी जरूर ठेवावेत, वेळापत्रक त्याच सांभाळतात. पण उरलेले त्या मुलीच्या हातात पडायला हवेत. ज्या तीन तासांमुळे हा कागद लागला ते तिचे होते. तिच्या नावाने दर ठरवायचा आणि तिला मात्र ठाणामागेच मोजायचं, हे मला पटत नाही. बाई म्हणाल्या, "विचार करते."

तोवर मी माझ्यापुरतं ठरवलंय. आमच्या नालबंदाची पुढची खेप मंगळवारी आहे आणि मला जमणार नाही. तबेल्याचे २० डॉलर बिलात येतील ते भरीन. आणि उद्या त्यातलं तिच्यापर्यंत काही पोचलं नाही असं कळलं, तर पुढच्या खेपेला अर्धी रजा टाकून मी स्वतः दोरी धरीन. धरता येतं, लेकीने शिकवलंय. आणि त्या दिवशी तिची दोन ठाणंही काढीन.